किल्ली कोणाच्या कमरेला?

घरात सत्ता कोणाची चालते हे ओळखण्याची आपल्याकडे एक जुनी खूण होती. कर्तेपणाच्या गोष्टी कोणीही सांगो, कोठीच्या आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा ज्या बाईच्या कमरेला खोचलेला असे, तिचाच शब्द घरात शेवटचा ठरे. सासूने तो जुडगा सुनेच्या हाती दिला म्हणजे राज्य बदलले, असे शेजारपाजारही समजून चालत. आज धाराशिव जिल्ह्यातील सहाशेहून अधिक ग्रामपंचायतींच्या खर्चाचा मोठा भाग आणि आठही तालुक्यांतील शेतजमिनींच्या नोंदी अशाच एका किल्लीवर अवलंबून आहेत. ही किल्ली लोखंडाची नाही. करंगळीच्या दोन पेरांएवढी, संगणकाच्या खाचेत बसणारी ही वस्तू कचेरीच्या भाषेत ‘डोंगल’ म्हणून ओळखली जाते. तिच्या पोटात एका माणसाची डिजिटल स्वाक्षरी असते. ती खाचेत बसवून सांकेतिक आकडा, म्हणजे पिन, दिल्याशिवाय तलाठ्याची नोंद सहीची होत नाही आणि सरपंचाच्या संमतीवाचून वित्त आयोगाचा रुपया गावाबाहेर पडत नाही. निदान तशी योजना आहे. तेव्हा ही किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

या किल्लीने काय काय उघडते ते प्रथम पाहू. जमीन विकली, वारस लागले, भावाभावांत वाटणी झाली, की तलाठ्याने फेरफार लिहायचा, संबंधितांना नोटिसा काढायच्या, हरकतींसाठी पंधरा दिवस थांबायचे आणि त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची, ही रीत १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाची. रीत राहिली, वही गेली. ई-फेरफार प्रणालीत आता ही कामे संगणकावर होतात आणि तेथे तलाठ्याची ओळख त्याच्या डोंगलने पटते. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. उमरग्याचा माणूस पुण्यात बसून पंधरा रुपयांत आपला उतारा काढतो, आणि त्यावर हाताची सही नसली तरी बँक तो घेते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना सातबाऱ्यावरील एका नावाची किंमत काय असते हे वेगळे सांगायला नको. मोबदल्याचा धनादेश त्या नावामागे चालतो.

ग्रामपंचायतीची गोष्टही अशीच आहे. पूर्वी ग्रामनिधीतून पैसे काढायचे तर धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागत. २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीने हे दोघे तसेच ठेवले, फक्त लेखणीच्या जागी डोंगल आले. ग्रामसेवकाने देयक तयार करून आपली स्वाक्षरी करायची, सरपंचाने ते पडताळून आपली करायची, आणि मग रक्कम थेट ठेकेदाराच्या किंवा पुरवठादाराच्या खात्यात जायची. कोषागारातील भक्कम खोलीची ‘डबल लॉक’ पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील मर्म लगेच कळेल. दोन कुलुपे, दोन किल्ल्या, दोन खिसे. त्यांतला ‘दोन खिसे’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा. दोन्ही किल्ल्या एकाच खिशात गेल्या की कुलुपे दोन असोत की दहा, त्यांना अर्थ उरत नाही.

या इवल्याशा वस्तूत असे आहे तरी काय? १९७७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत रिव्हेस्ट, शामीर आणि ॲडलमन या तिघांनी एका साध्या निरीक्षणावर मोठी इमारत उभी केली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. परंतु केवळ गुणाकार हाती देऊन त्या दोन संख्या शोधायला सांगितले तर यंत्रेही थकतात. आपल्याकडील डिजिटल स्वाक्षरीत वापरला जाणारा असा गुणाकार सुमारे ६१७ आकड्यांचा असतो. तो जाहीर असतो, कोणीही पाहावा. त्यामागचे गुपित मात्र डोंगलमधील चकतीतच तयार होते आणि तेथून कधी बाहेर येत नाही. सही करायच्या दस्ताचा गणिती रीतीने एक छोटा गोषवारा काढला जातो, तो डोंगलच्या आत जातो, गुपिताने बांधला जातो आणि बाहेर येतो. दस्तात पुढे एका स्वल्पविरामाचा जरी फरक झाला, तरी गोषवारा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते.

मराठी माणसाला हे फारसे परके वाटू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यातील दोन्ही अवयवांना वेगळे काम होते. मराठेशाहीतील पत्रात शिक्का वर, माथ्याशी उमटे, आणि मजकूर संपला की खाली मोर्तब होई. पत्र येथे संपले, यापुढे कोणी काही वाढवले असेल तर ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. ‘लेखनसीमा’ हा शब्द कोरलेल्या मुद्रा त्याच हेतूने वापरल्या जात. दस्त कोणाचा हे शिक्क्याने सांगायचे, दस्त किती हे मोर्तबाने. डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामे एका दमात करते.

आणि अशा खुणांचा उपयोग किती लांबवर होतो, हे या जिल्ह्याने नुकतेच अनुभवले आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दूतील नोंदी वाचणारी माणसे शोधावी लागली. १९५४ च्या सुमारास तयार झालेली खासरा पत्रके तर येथील जमिनीच्या तंट्यांत आजही पुढे केली जातात. त्या त्या पटवाऱ्याने आपल्या हाताने, आपल्या अक्षरात जे लिहिले, त्यावर नातवा-पणतवांचे हक्क ठरतात. आज डोंगलने होणाऱ्या नोंदी आणखी साठ-सत्तर वर्षांनी कोणीतरी अशाच उघडील. स्वाक्षरी कोणाची, हे यंत्र तेव्हाही अचूक सांगेल. पिन दाबणारे बोट कोणाचे होते, हे मात्र त्याला सांगता येणार नाही.

येथेच या विषयाची खरी गाठ आहे. डोंगल दूरच्या चोराला अडवते. जवळच्या माणसाला अडवत नाही.

दूरच्या चोरापुरता त्याचा गुण निर्विवाद आहे. नुसत्या पासवर्डावर चालणारे काम किती तकलादू असते, याचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात २०२५ मध्ये पुढे आले. शेंदुरसनी या दीड हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात, जन्म-मृत्यू नोंदणीच्या प्रणालीत, अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्म नोंदले गेल्याचे आढळले. ग्रामपंचायतीच्या नावाचे लॉगिन वापरून कोणीतरी दुसरीकडूनच या नोंदी केल्याचा संशय आला आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. पासवर्ड हा शेवटी एक शब्द आहे. शब्द कानोकानी जातो, कागदावर लिहिला जातो, फोनवरून काढून घेता येतो. मोबाईलवर येणारा ओटीपी त्याहून बरा, पण तोही सहा आकडी शब्दच. गोड बोलणाऱ्याला तो सांगून टाकणाऱ्यांच्या कहाण्या रोज छापून येतात. हातात धरायची वस्तू फोनवरून सांगता येत नाही. गूगल कंपनीने २०१७ च्या प्रारंभी आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कामाच्या संगणकावर प्रवेश करण्यासाठी अशी किल्ली सक्तीची केली, आणि कोणाच्याही कामाच्या खात्याचा ताबा फसवणुकीने गेल्याची खात्रीलायक घटना तेव्हापासून घडली नसल्याचे २०१८ मध्ये सांगितले. त्यांची किल्ली आपल्या डोंगलची धाकटी बहीण म्हणता येईल. ती सही करण्यासाठी नसून प्रवेशासाठी आहे. समोरचे संकेतस्थळ खरे की बनावट, हे तिच्या साहाय्याने यंत्रच पडताळते, आणि प्रत्येक वेळी माणसाने तिला बोट लावावे लागते. आपल्याकडील नेहमीच्या डोंगलला हे शेवटचे बंधन नाही. एकदा खाचेत बसवले, पिन दिला, की पुढे ते कोणाचा हात लागतो हे पाहत नाही.

म्हणून जवळच्या माणसाचा विचार करावा लागतो. कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी, किंवा एखाद्या मोठ्या गावच्या ग्रामपंचायतीत, संगणक चालवणाऱ्या मुलाच्या टेबलाशी जरा वेळ उभे राहावे. खणात दोन-चार डोंगले एका रबराने बांधलेली दिसतील. प्रत्येकाला चिकटपट्टीने गावाचे नाव लावलेले असेल आणि काहींवर पिनसुद्धा लिहिलेला असेल. तो लिहिण्याचीही पुष्कळदा गरज नसते. अशा अनेक डोंगलांचा कारखान्यातून येणारा पिन एक ते आठ आकडे ओळीने मांडल्यासारखा असतो, आणि तो बदलायचा असतो हे घेणाऱ्याला बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. ग्रामसेवकाची स्वाक्षरी तोच मुलगा करतो, सरपंचाचीही तोच करतो. दोन कुलुपे, दोन किल्ल्या, आणि एकच खण.

यात सगळीकडे लबाडीच असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. या मुलाचे मानधन तुटपुंजे असते आणि तेही वेळेवर मिळेलच असे नाही. गावाचा निम्मा कारभार मात्र त्याच्या बोटांवर चालतो. ग्रामसेवकाकडे एकाहून अधिक गावे असतात, तलाठ्याकडे आपल्या सज्जाबरोबर शेजारच्या सज्जाचा अतिरिक्त कार्यभार असतो. भूम-परंड्याच्या बाजूला संपर्काची रेघ दुपारभर येत नाही आणि रात्री अकराला सर्व्हर जागा होतो. अशा वेळी ‘माझं डोंगल तुझ्याकडेच असू दे, रात्री जमलं तर टाकून दे’ हे वाक्य कामचुकारपणातून येत नाही, काम उरकण्याच्या तळमळीतून येते. कर्ज मंजूर व्हायचे असते, शेतकरी दाराशी बसलेला असतो. डोंगल दुसऱ्याच्या हाती देण्याची सवय या अडचणीने लावली आणि सोयीने ती पक्की केली.

परंतु सवयीच्या मुळाशी एक गैरसमजही आहे, आणि तो दूर झाल्याशिवाय परिपत्रकांनी काही साधणार नाही. आपल्या कचेऱ्यांनी डोंगलला शिक्का मानले आहे. ती सही आहे. शिक्का कार्यालयाचा असतो. बदली झाली की पदभाराच्या यादीत तो लिहिला जातो, येणारा माणूस तो मोजून घेतो आणि शिपायाने तो कागदावर मारला तरी कोणाला वावगे वाटत नाही. सही माणसाची असते. ती देता येत नाही, उसनी घेता येत नाही आणि माणसाबरोबर जाते. २०००चा माहिती तंत्रज्ञान कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. त्याचे कलम ४२ सांगते की, आपल्या खासगी किल्लीवर ताबा राखण्याची वाजवी काळजी ज्याची त्याने घ्यायची. ती परक्याच्या हाती गेल्याचे कळताच प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे. आणि कळवीपर्यंत जबाबदारी त्याचीच. दुसऱ्याची स्वाक्षरी लबाडीने वापरणाऱ्याला कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे चौकशी लागली की पहिला प्रश्न खणाच्या मालकाला नाही, डोंगलच्या मालकाला विचारला जाणार. ‘ते तर मुलाकडे होते’ हे उत्तर त्याला वाचवील असे समजू नये.

आणि हा डोंगलचा मालक पुष्कळदा मालकीण असते. महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. त्यातून निवडून आलेल्या अनेक जणींनी पाणी, शाळा आणि दारूबंदीच्या प्रश्नांत जी जिद्द दाखवली, ती सर्वांनी पाहिली आहे. पण जेथे घरच्यांनी सरपंचपदाला घरातली दुसरी खुर्ची मानले, तेथे पूर्वी निदान धनादेशपुस्तक घेऊन कोणाला तरी तिच्यापर्यंत यावे लागे. ती चुलीपुढे बसून का होईना, कागद पाहून सही करी. अक्षर तिचे असे. कधी एखादीने ‘हे कशाचं बिल?’ असे विचारलेही असेल. डोंगलने ही येरझार संपवली. प्रमाणपत्र काढताना तिची छबी, तिचे आधार, तिचा मोबाईल क्रमांक एकदा घेतला, की पुढे तिला विचारण्याचे कारणच उरत नाही. तिच्या नावाने गटाराचे काम झाले, दिवे बसले, पैसे गेले. तिला ते ग्रामसभेत किंवा लेखापरीक्षणाच्या नोटिशीत कळते. पूर्वी तिच्या नावाने दुसऱ्याने सही केली तर निदान खोट्या अक्षराचा पुरावा राहत असे. आता खोटी सही करावी लागत नाही. खरीच होते, ती नसताना होते. सुरक्षिततेसाठी आलेले साधन एका बाईला तिच्याच अधिकारातून इतक्या सफाईने बाहेर काढते, याची नोंद ते साधन वाटणाऱ्यांनी घेतलेली दिसत नाही.

डोंगलची ताकद आपल्या कर्मचाऱ्यांना उमगली आहे, यात मात्र शंका नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात राज्यातील तलाठ्यांनी आंदोलन केले, तेव्हा त्यांनी घोषणांपेक्षा प्रभावी असे एक काम केले. आपापली डोंगले तहसील कार्यालयात जमा केली. महसुलाचे गाडे जागच्या जागी थांबले. संपासाठी जे इतक्या जपून वापरता येते, ते रोजच्या कामात खणात टाकून देण्याजोगे कसे ठरते?

उपाय फार अवघड नाहीत, पण ते गरजेच्या अंगाने योजावे लागतील. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे, त्याला त्याच्या नावाची स्वतंत्र ओळख द्यावी. संगणकचालकाला माहिती भरण्यापुरते लॉगिन, अतिरिक्त कार्यभार घेणाऱ्याला त्या भाराचे अधिकार त्याच्याच डोंगलवर, आणि तेही आदेश निघाल्यावर दोन-तीन दिवसांत. आज आदेश निघतो सोमवारी आणि यंत्रातील नाव बदलते महिन्याने. मधल्या काळात जुन्याचे डोंगल वापरण्यावाचून गत्यंतर नसते. सरपंचपदाची शपथ झाली की नव्या सरपंचाला, विशेषतः प्रथमच निवडून आलेल्या बाईला, तालुक्याला बोलावून एक दुपार द्यावी. पिन तिने स्वतः बदलावा, एक देयक स्वतः उघडून वाचावे, एक नाकारून पाहावे. नाकारण्याचे बटण कोठे आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला पडताळणीचा अधिकार आहे असे म्हणण्यात काय अर्थ? ई-ग्रामस्वराजवर गावाचा खर्च कोणालाही पाहता येतो. शिक्षकांनी किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनी सव्वीस जानेवारीच्या आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी ती यादी कागदावर उतरवून नेली आणि सरपंचबाईंना एकेक रक्कम वाचायला सांगितली, तर कोणत्या देयकांवर त्यांनी स्वतः पिन दिला होता, हे सभेला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळेल.

नावांच्या बाबतीत शासन तत्पर आहे. उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले. २०२४ मध्ये तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. नवे शिक्के झाले, पाट्या रंगल्या. डोंगलमधील प्रमाणपत्राची मुदत मात्र दोन-तीन वर्षांची असते, आणि तिला बदली, निवृत्ती किंवा निवडणूक कळत नाही. धनी गेला तरी ते मुदतीपर्यंत जिवंत असते. आपल्या मागे राहिलेले असे जिवंत प्रमाणपत्र रद्द करून घेतल्याचा कागद निरोपाच्या दिवशी किती जणांकडे असतो, हे जिल्हा परिषदेने आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने एकदा खण उघडून मोजावे. पदभाराच्या यादीत शिक्का, कपाटाच्या किल्ल्या आणि खुर्च्या यांच्याखाली त्या कागदासाठी एक ओळ छापून घेणे, हे काम तर येत्या बदल्यांपूर्वीही होण्याजोगे आहे.